चारूच्या लग्नाची कवळी

अमरावती, २ फेब्रुवारी १९६१
कवळी आली. आरशात पाहिले. दहा वर्षांनी लहान दिसतो. दातांचे डॉक्टर सांगत होते, रोज मऊ ब्रशने घासा, रात्री थंड पाण्यात ठेवा. जसा काही मी पहिलीतला पोरगा! हायस्कुलात जन्मभर सायन्स शिकवले म्हटले.
नात चारुशीलाचे लग्न वीस तारखेला, अकोल्याला. मंगलाष्टके मी स्वतः रचली आहेत. हेमचंद्राने अजून म्हणायला सांगितलेले नाही, पण मुलाने बापाला सांगायचे असते का?
उद्यापासून रोज ब्रश. नियम म्हणजे नियम.

५ फेब्रुवारी
ब्रश केला नाही. कवळी घातलीच नाही, मळेल कशी? टोचते. शिवाय घरात घालून बोलायचे कोणाशी? पत्नी रमा गेल्यापासून बोलणे ते भाजीवाल्या मैनाबाईशी, तेही भावावरून.

११ फेब्रुवारी
कवळी घालून तालीम. 'शुभमंगल'ला शिट्टी वाजते. मैनाबाई दारातून म्हणे, बाबूजी, कोनाले बोलावून राहिले? तिला सगळी मंगलाष्टके म्हणून दाखवली. टोपली खाली ठेवून ऐकली. मस्त हाय म्हणाली. तिला काय कळते! पुन्हा म्हणून दाखवली.

१८ फेब्रुवारी, सकाळ
उद्या निघायचे. कवळीला वास येतो. ब्रश राहिला म्हणून नव्हे, नळाचे पाणीच खराब. थंड पाण्याने जंतू मरत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहे. स्टोव्हवर पातेले ठेवून चांगली खळखळ उकळली. त्या डॉक्टरला सायन्स येत नाही.

दुपार
बसत नाही. गरम असेल.

संध्याकाळ
गार झाली. बसत नाही. वाकडी झाली आहे. दवाखाना बंद, डॉक्टर नागपूरला. बेजबाबदार माणूस.
निश्चय: अकोल्यात तोंड उघडायचे नाही. बोळके कोणाला दिसता कामा नये. मंगलाष्टकांचा आग्रह झालाच, तर घसा बसल्याची खूण.

अकोला, २० फेब्रुवारी
लग्न लागले. मंगलाष्टके भटजींनी म्हटली, मग वराच्या मावशीने, मग कोणा खुशालरावांनी. मी घशाला हात लावून तयार होतो. कोणी विचारले नाही. कागद कोटाच्या खिशातच राहिला.
सूनबाई अनुपमा म्हणाली, काही लागले तर सांगा. मान हलवली. चारू पाया पडली. डोळे भरून आले. रडू नका ना आजोबा, म्हणाली आणि फोटोला गेली.
निश्चय शंभर टक्के पार पडला. आल्यापासून एक अक्षर बोललो नाही. कोणाच्याही लक्षात आले नाही. हेमचंद्र तर म्हणाला, बाबा, तब्येत झकास दिसते.

अमरावती, २२ फेब्रुवारी
कुलूप काढले. घर खायला उठले.
मैनाबाई आली. पाहताच ओरडली, काहून जी बाबूजी, दात कुठी गेले तुमचे? लग्नात गानं म्हटलं का नाई? पायरीवर बसून सगळे सांगितले. हसली पोटभर. मलाही हसू आले.
मग ती टोपली उचलू लागली. शेरभर गाजरे घेतली. पुन्हा उचलू लागली. आणखी शेरभर घेतली.
घरात आता दोन शेर गाजरे आहेत. चावायची कशी, ते उद्या बघू.