तीस सह्या

२ मे

लागली बुवा नोकरी! दीड वर्ष घरी बसून भांडी घासली, आज पुन्हा खांद्यावर पट्ट्या चढल्या. मालवाहू कंपनी अगदी एवढीशी आहे. तीन विमानं, सात वैमानिक आणि एक रोस्टरबाई. कोण कधी उडणार ते त्या फळ्यावर लिहितात, आणि फळ्यापुढे कुणाचं काही चालत नाही. विमान माझ्याहून वयाने मोठं. आज चार हजार कोंबडीची पिल्लं नेली. सगळी वाट चिवचिवाट, पण एकानेही चहा मागितला नाही!

पगार उडण्याच्या तासांवर. चाकं सुटली की मीटर चालू, टेकली की बंद. माल चढेपर्यंत सहा-सहा तास बसायचं ते फुकट. अडला हरी, दुसरं काय.

रोस्टरबाईंनी आल्या आल्या तीस छापील कागद पुढ्यात ठेवले. ‘मी घरी गेलो, आठ तास झोपलो, ताजातवाना होऊन कामावर आलो.’ कायद्याने रोज असा एक लागतो म्हणे, नाहीतर दुसऱ्या दिवशी उडता येत नाही. तारीख त्या रोजच्या रोज भरणार, सह्या मात्र आधीच घेऊन ठेवतात. इथे सगळे तसंच करतात. मीही दणादण ठोकल्या. एखाद्या सिनेनटासारखं वाटलं.

घर बसने दोन तासांवर. निघताना ठकीकडून पूर्ण नाव म्हणून घेतलं. चार वर्षांची आहे लेक माझी, एक जूनला तिची शाळा सुरू. स्वतःचं नाव झोकात सांगते, माझ्या नावापाशी अडखळते, आडनाव आलं की पुन्हा सुसाट! पहिल्या दिवशी शाळेत मीच सोडणार, असं कबूल केलंय. गळ्याशपथ.

७ मे

पाच दिवसांत घरी जाणं जमलं नाही. दोन फेऱ्यांमध्ये कधी चार तास मिळतात, कधी पाच. वैमानिकांच्या खोलीत दोन खाटा आहेत, गादी एकच. गंमत म्हणजे मला झोपच येत नाही. मला! ज्याच्या घोरण्याने शेजारी भिंत ठोकतात, त्याला! डोळे मिटून पडून राहतो, पण आत सगळं जागंच.

माझ्याबरोबर उडतात ते म्हातारे कॅप्टन. बावीस वर्षं इथेच आहेत. त्यांना झोपलेलं कुणी पाहिलेलं नाही. आज त्यांनी विचारलं, किती कागदांवर सह्या केल्यास? तीस, मी म्हटलं. मग म्हणाले, घरी फोन करत जा.

१२ मे

बायकोला फोन केला. आता चांगली हजेरी घेणार, म्हणून आधीच माफी मागायला सुरुवात केली. ती हसायलाच लागली. म्हणाली, माफी कसली? रोज तर येतोस, आठ तास शांत झोपतोस, वर घोरणंही सोडलंस, देव पावला!

मला टोमणा वाटला. टोमणे मारण्यात हिचा हात कोण धरणार! मीही हसून घेतलं.

मग ठकी फोनवर आली. बाबाने गळका नळ दुरुस्त केला म्हणून सांगत होती. तो नळ मी आठ महिने उद्यावर ढकलतोय.

१८ मे

रोज फोन करतोय. रोज तो येऊन गेलेला असतो. ताजातवाना. ठकीला खांद्यावर घेऊन फिरवतो, हिच्याशी एकदाही चिडून बोलत नाही. ही म्हणाली, नोकरी तुला मानवली रे. तिचा आवाज इतका सुखी होता की खरं काय ते सांगवेना.

रोस्टरबाईंकडे कागद परत मागितले. त्या शांतपणे म्हणाल्या, सही तुमचीच आहे ना?

सोळा दिवस झाले. डोळ्याला डोळा नाही.

२५ मे

कॅप्टन आज बोलले. त्यांनीही एकदा सह्या थांबवल्या होत्या. घरी जाणारा जायचा बंद झाला. मग हे स्वतः गेले, तर बायको-पोरांनी ओळखलंच नाही. सगळे त्या दुसऱ्यासाठी रडत होते. दारात उभं राहून त्यांनी आपल्याच नावाचा आक्रोश ऐकला. परत आले आणि आणखी तीस कागद मागून घेतले.

मी म्हटलं, चक्रम म्हातारा.

३१ मे

आज दुपारी सहा तास मोकळे मिळाले. बस पकडली, घर गाठलं.

दार ठकीने उघडलं. मी तिच्याकडे झेपावलोच. ती मागे सरकली. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, काका, हळू बोला ना. माझा बाबा झोपलाय.

काका.

आतून ही आली. माझ्याकडे पाहिलं — अनोळखी माणसाकडे पाहतात तसं. माझा गणवेश बघून तिचा चेहरा पडला. ड्यूटीवर बोलवायला आलात का? आजचा दिवस झोपू द्या हो त्याला, उद्या लेकीची शाळा आहे. मग मलाच म्हणाली, तुम्हीही फार थकलेले दिसता. पाणी दिलं. माझ्याच पेल्यात.

पडद्याच्या फटीतून पाय दिसले. माझे पाय.

पाणी प्यालो. निघालो.

१ जून, सकाळ

आठ वाजता आमच्याच गावावरून उडत गेलो. शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसलं. फाटकापाशी ठिपके — त्यातला एक तिचा — आणि तिच्याशेजारी —

सोडलं असेल त्याने. कबूल केल्याप्रमाणे.

कॅप्टन थोडा वेळ माझा हात धरून बसले.

१ जून, दुपार

तीस संपले. नवा गठ्ठा समोर आहे. नाही केल्या सह्या तर उद्या तिचा बाबा घरी येणार नाही. मी गेलो तरी — काका.

करतो. पोरीला बाबा तर असू दे.

दहा झाल्या. अक्षर हलतंय.

वीस —

एकोणतीस. एकच उरला — हात थांबलाय — सही कशी करायची ते — आधी काय लिहितो आपण, नाव — काय बरं माझं — ठकीला येतं, तिला विचारा, तिथेच अडखळते ती, पण येतं, आज शाळेत सांगितलं असेल तिने, माझ्या बाबाचं नाव —