कोजागरीपूर्वी सिद्ध करावयाची वीज

२८ सप्टेंबर २००३, रविवार
भारनियमन संध्याकाळी साडेसहा ते नऊ. नेमका तेव्हाच सौ. अरुंधतीचा दमा उसळतो आणि तिचे वाफेचे यंत्र विजेवाचून चालत नाही. कोजागरीपर्यंत सोय झाली नाही तर हिवाळाभर औरंगाबादला बहिणीकडे राहीन, असे ती म्हणाली. मी दसऱ्याचा शब्द दिला. सोलर पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर आणले आहे. जोडणी स्वतः करणार. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवणाऱ्यास दोन वायरी जड जाऊ नयेत.

१ ऑक्टोबर
सामान देणारा पुंजाराम वायरमन आला. माझ्या वर्गात दोनदा नापास. म्हणाला, "सर, ब्याटरीपाशी आधी फ्यूज टाका. जोडताना पॅनलवर पोतं झाका. अन् बोटातली अंगठी काढा." कारण विचारले. "लोकं भाजून घेऊन राह्यले ना, सर!" हे कारण नव्हे, बातमी. उत्तर दिले: फ्यूज दोष गृहीत धरतो, माझ्या जोडणीत दोष नाही, म्हणून फ्यूज अनावश्यक. तो फ्यूज टेबलावर ठेवून गेला.

३ ऑक्टोबर, दुपार
पान्याचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर, दुसरे ऋण टोकावर टेकले. धुरावरून अग्नीचे अनुमान करण्यास सवड मिळाली नाही. दोन्ही एकदम प्रत्यक्ष झाले. दोष पान्याच्या लांबीचा. पान्याला टेप गुंडाळली, अंगठी काढली, फ्यूज बसवला. स्वेच्छेने.

५ ऑक्टोबर, दसरा
सकाळी यंत्रपूजा. पॅनलला झेंडूचे दुहेरी तोरण आडवे बांधले, वर आपट्याची पाने. सायंकाळी सात वाजता वाफेचे यंत्र वीस मिनिटे चालले! अरुंधती "बरं झालं" म्हणाली. तिच्याकडून हे सन्मानपत्रच.

७ ऑक्टोबर
बॅटरी उतरली. इन्व्हर्टरवर लाल दिवा. अरुंधती यंत्र घेऊन शेजारी नंदाबाईंच्या जनरेटरवर गेली. विचार केला: ऊन कडक आहे. पॅनलची पूजा झालेली आहे. वायरी मी जोडल्या आहेत. उरली बॅटरी. ती पुंजारामची. सिद्ध. "छतावर जाऊन बघा तरी," अरुंधती म्हणाली. अनुमानाने सिद्ध झालेले पाहण्यासाठी जिना चढणे हा बुद्धीचा अपमान, गुडघ्यांचाही.

८ ऑक्टोबर
पुंजारामने निरोप धाडला, "मी येऊन पाहू का?" कळवले: आधी चूक लेखी कबूल कर. सोबत चार पानी खंडन.

१० ऑक्टोबर, कोजागरी
अरुंधती सकाळच्या एस.टी.ने गेली. जाताना म्हणाली, "तुमचं बराबरच असेल हो. मला श्वास पाहिजे." खरे कारण बहिणीची ओढ, दुसरे काय? दूध स्वतः आटवले. पातेले काळे झाले. पातेले पातळ होते.

११ ऑक्टोबर
पुंजाराम न बोलावता आला. छतावर गेला, मिनिटात वाळके तोरण घेऊन उतरला. "सर, एवढ्याशा सावलीनंबी पॅनल बसतो, ब्याटरी भरत नाही. मला तेव्हाच येऊ दिलं असतं तर काकू गेल्या नसत्या." पूजा शास्त्रोक्त होती, पॅनललाच सावली सोसत नाही, त्याला माझा इलाज नाही. हे त्याला सांगणार होतो. तोवर तो पातेले घासायला बसला होता.

सायंकाळी ७
सगळे दिवे लागले. लख्ख उजेडात चहाची पूड शोधली. सापडली नाही. वाफेच्या यंत्राचे स्टूल तेवढे स्पष्ट दिसले, रिकामे.