तिसरी तार

चिमणे,

तुझं बाळंतपण सुखरूप होईपर्यंत तुला यातलं काही कळता कामा नये, अशी तुझ्या आईची सक्त ताकीद आहे. म्हणून हे पत्र कपाटातच राहणार.

गेल्या आठवड्यात माझ्या छातीत एक छोटं यंत्र बसवलं. माझ्या हृदयाच्या दोन बाजू एकमेकींचं ऐकतच नव्हत्या. एक पुढे पळायची, दुसरी मागून यायची, म्हणून दोन वाक्यं बोललो तरी मला धाप लागायची. खांद्याखाली भूल दिली होती, पण मी टक्क जागा होतो. यंत्राच्या तीन तारांपैकी दोन हृदयात झटपट बसल्या. तिसरी हृदयाच्या मागच्या शिरेतून डावीकडे न्यायची होती. ती एकदाची पोहोचली, करंट सोडला आणि माझं पोटच उडायला लागलं.

"काका, उचकीसारखं होतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उचकी कसली, पोटात बेडूक शिरलाय!"

नर्सला हसू आवरेना. तार भलत्याच, श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसेजवळ गेली होती. बाईंनी शांतपणे ती मागे घेतली, शिरेची दुसरी फांदी शोधली, आणि हृदयाच्या दोन्ही बाजू एका ठेक्यात चालू लागल्या.

इथवर लिहिलं आणि तुझाच फोन आला. मी यंत्राचं अवाक्षर काढलं नाही. शेजाऱ्यांचं भांडण तेवढं रंगवून सांगितलं. तू मध्येच म्हणालीस, "बाबा, आज दम घ्यायला एकदाही थांबला नाहीत. काय करून घेतलंत?"

आईने कपाळावर हात मारला. मग मी सगळंच सांगून टाकलं. तू आधी रडलीस, नंतर आम्हा दोघांना असं खणखणीत झापलंस, की तुझ्या बाळंतपणाची आमची काळजीच मिटली.

तुझा,
बोलणी खाऊन खूश झालेला बाबा