दोन इंजिनांची बोट आणि एक दंतवैद्य

आदरणीय साडूबुवा,

सप्रेम नमस्कार. वाकून करायची इच्छा होती, पण गेल्या तीन आठवड्यांपासून कंबर वाकत नाही, आणि त्याला जबाबदार कोण हे पुढे येईलच. तुमची प्रकृती चांगली असेल. ताईंच्या गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा आहे. इकडे ही मजेत आहे. मी मजेत नाही. मी संतापलेलो आहे, आणि हा संताप कुणाला तरी सविस्तर सांगितल्याशिवाय माझं जेवण पचणार नाही. तो तुम्हालाच सांगणं रास्त आहे, कारण जुनी बोट घेण्याआधी काय काय तपासावं याची अकरा कलमी यादी तुम्हीच धाडली होती.

तुम्हाला माहीतच आहे की छापखान्यात मी सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली आणि दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारत असताना खिडकीतून दिसणाऱ्या नदीकडे बघत राहिलो. निवृत्त झाल्यावर बोट घ्यायची हे माझं कधीचं ठरलेलं. हिची अट एकच. हिला पोहता येत नाही, तेव्हा बोटीला इंजिनं दोन हवीत, म्हणजे एक बंद पडलं तर दुसऱ्याने काठाला लागता येईल. (मला पोहता येतं का, हे तिने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.) त्यामुळे "दोन इंजिने, दोन केबिन, सूस्थितीत" अशी जाहिरात दिसताच मी फोन केला. "सुस्थितीत"मधला सु दीर्घ छापला होता. तिथेच मी थांबायला हवं होतं. ज्याला स्थिती लिहिता येत नाही, त्याने ती सांभाळली काय असणार?

मालक निघाला निवृत्त दंतवैद्य. उंच, गोरापान, बोलणं इतकं मऊ की आपण आपोआप तोंड उघडतो. धक्क्यावर बोट बांधलेली होती. पांढरीशुभ्र, कठड्याला ताजं व्हार्निश, खिडक्यांना निळे पडदे. खोटं कशाला बोलू, साडूबुवा, ती पाहिली आणि तुमची यादी मी खिशात खोलवर सारली. पण ही शेजारीच होती. तिने खिशाकडे बोट दाखवलं.

तुमचं कलम पहिलं: इंजिन गार असतानाच हात लावून बघा, विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर समजा पाणी मुरतंय. मी मागच्या डेकवरची फळी उचलली, आत अर्धा वाकलो आणि डाव्या इंजिनावर तळहात ठेवला. हात भाजला. झटका देऊन मागे आलो तर डोकं फळीच्या चौकटीवर आपटलं, आणि जो काही पवित्रा त्यानंतर झाला त्यात कंबर अशी अडकली की मी धड आत नाही आणि धड बाहेर नाही. दंतवैद्याने मला काखेत धरून सावकाश, न हिसडता, मुळासकट काढावं तसं वर काढलं. "जरा कळ लागेल," असंही म्हणाला. इंजिनं त्याने सकाळपासून चालू ठेवली होती. का, तर म्हणे तुमचा वेळ वाया जाऊ नये. हा माणूस माझ्या वेळेची काळजी करतो आणि माझा हात भाजतो. तुमच्या यादीत "हात लावा"च्या पुढे "बेताने" हा एक शब्द घालायला शाई संपली होती का?

मग तासांचे मीटर. डावं इंजिन चाललंय एकवीसशे चाळीस तास, उजवं सहाशे अकरा. एकाच बोटीतली दोन इंजिनं, एकाच दिवशी बसवलेली. मी खुलासा मागितला. उजवं जपून वापरलं, असं उत्तर मिळालं. उजवा बूट झिजू नये म्हणून आजवर कोण एका पायावर लंगडत गेलाय? मी हे विचारणार होतो, पण तेवढ्यात आम्ही फेरीला निघालो.

डाव्या इंजिनाच्या नळीतून धुराबरोबर इंजिन गार ठेवणारं पाणी पडत होतं, तुमच्या चौथ्या कलमाप्रमाणे पडायला हवं तसं. उजवीतून नुसती वाफ. मी वाफेकडे बोट दाखवलं तर दंतवैद्य म्हणाला की आज हवेत गारवा आहे. अर्ध्या नदीत धोक्याची घंटा वाजायला लागली. घंटा जरा जास्तच संवेदनशील आहे, असं तो म्हणाला आणि त्याने उजवं इंजिन बंद केलं. एकाच इंजिनावर ती बोट सरळ जायला तयार होईना. सुकाणू सगळं एका बाजूला दाबून धरलं तेव्हा कुठे आम्ही खेकड्यासारखे तिरपे तिरपे धक्क्याला लागलो. ही तेवढ्या वेळात पुढच्या केबिनमध्ये गेली होती. तिने कोरी करकरीत गादी उचलली, खालच्या फळीत छत्रीचं टोक सहज टेकवलं, आणि ते दोन बोटं आत गेलं. छत्री सोडवायला दोघांना ओढावी लागली. दंतवैद्याने फळी निरखली आणि कीड वरवरची आहे असं निदान केलं.

तरीही (आणि हे मी माझ्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून लिहितो) मी रीतसर तपासनीस लावला. क्रेनने पट्ट्यांत अडकवून बोट पाण्याबाहेर काढली. तपासनीस हा अत्यंत कमी बोलणारा गृहस्थ. हातात छोटी हातोडी घेऊन तो तळावर वीत वीत अंतराने ठोकत चालला. खण्, खण्, खण्, आणि मध्येच भद्. भद् झालं की तो खडूने फुली मारायचा. दर फुलीला दंतवैद्य डोळे मिटून घ्यायचा. तीस वर्षं लोकांच्या दातांवर टिचक्या मारणाऱ्या माणसाला ते सोसेना, याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं. शेवटी तळाला इतक्या फुल्या झाल्या की जणू मीच तपासलेलं एखादं मुद्रित. बोटीला ढकलणाऱ्या पंख्यांचं पितळही गुलाबी पडलं होतं, म्हणजे पाण्याने धातू आतून खाल्ला होता.

अहवालात एकतीस दोष आले. (शुद्धलेखनाचे नऊ धरले तर चाळीस. ते मी लाल शाईने दुरुस्त करून दिले, त्याने आभारही मानले नाहीत.) अशी बोट मी फुकटसुद्धा घेतली नसती. पण माणूस म्हणून मी विचार केला, की म्हाताऱ्याला तोंडघशी कशाला पाडायचं. म्हणून मी अहवाल घेऊन गेलो आणि मोठ्या मनाने सांगितलं की असू द्या, मी घेतो.

त्याने तिथेच एका उलट्या बादलीवर बसून सगळी पानं वाचली. एकही ओळ गाळली नाही. मला वाटलं, किंमत उतरवेल.

"आता नाही विकणार," तो म्हणाला. "एवढं दुखत होतं हिला, आणि मी वरून व्हार्निश देत बसलो."

आणि अहवाल घडी करून त्याने आपल्या खिशात घातला. माझा अहवाल, साडूबुवा. मी नेमलेल्या तपासनीसाने काढलेला, मी लाल शाईने सुधारलेला. म्हणजे हात भाजला माझा, कंबर गेली माझी, छत्री वाकली हिची, आणि आता त्यातल्या एकेका कलमाप्रमाणे बोट दुरुस्त होणार त्याची. त्याला चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं. पण तो डोळे पुसत होता, आणि रडणाऱ्या दंतवैद्याशी भांडायचा मला सराव नाही. मी तसाच घरी आलो. बोट मिळाली नाही. जगात न्याय कसा उरलेला नाही, हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. ताईंना नमस्कार सांगा.

तुमचा,
भाजलेला आणि वाकलेला साडू

ता. क. – "बोट मिळाली नाही" हे खरं असलं तरी संपूर्ण खरं नाही. अर्धी मिळाली. दंतवैद्याने फारच गळ घातली म्हणून भागीदारी केली आहे. तसा कागदही झाला. कागदावर फक्त "अर्धा हिस्सा" आहे, पण तोंडी असं ठरलंय की डावी बाजू तो बघेल आणि उजवी मी.

ता. क. २ – तुम्ही एकतीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत काढलीत. हल्ली सकाळचं वर्तमानपत्र तुम्ही संध्याकाळपर्यंत वाचता, असं कानावर आलं. उजव्या इंजिनाचं पाणी कुठे अडतंय ते मला सापडत नाही. सापडणारही नाही, मला फक्त वेलांट्या कळतात. महिनाभर येता का? उपकार म्हणून नका येऊ. माझं यादीबद्दल तुमच्याशी भांडण आहे आणि ते समोरासमोर करायचं आहे.

ता. क. ३ – भाऊजी, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी मी लिहिते. गळ दंतवैद्यांनी घातली नाही. हे रोज सकाळी धक्क्यावर जाऊन उभे राहायचे, बोटीकडे बघत. पाचव्या दिवशी ते बिचारे म्हणाले, अर्धी घ्या पण असं बघू नका. तुम्ही याच. विचार करायला वेळ घेऊ नका. ताईशी माझं कालच फोनवर बोलणं झालंय, आणि तुम्ही हे वाचत असाल तेव्हा आतल्या खोलीत ती तुमची बॅग भरत असेल.