खिडकीतला निळा तारा

१२ मार्च १९४४
(ठिकाण लिहायची बंदी आहे)

ती. ओपलताईस,
हार्लनचा सा. न. वि. वि. माझं अक्षर लावून वाच, शाळेत होतो किती ते तुला माहीतच आहे. दिवसभर नळ जोडतो. कशाचे, कशासाठी, कुणी सांगत नाही. विचारलं तर दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. आमच्यातच सरकारचे कान आहेत म्हणतात, पण कोण ते कळत नाही. पाय नुसते वळवळतात, पण जाणार कुठे? या कामामुळेच फौजेची भरती टळली आहे.

शनिवारी भोजनाच्या शेडमध्ये हेरांचा सिनेमा दाखवतात. परवाच्यात जहाजं वितळवणारा किरण होता. टोपीवाला हिरो तो राखतो. आम्ही पोट धरून हसलो. बाबांना सांग, त्यांना आवडेल.

माया पातळ होऊ देऊ नका.
हार्लन

९ एप्रिल
पायनी क्रीक, वेस्ट व्हर्जिनिया

चि. हार्लन,
अनेक आशीर्वाद. न्हाव्याकडे टॅकेटकाका सगळ्यांसमोर बाबांना म्हणाले, "तुझा लेक कुठल्या बिळात लपलाय रे?" जानेवारीत त्यांचा मुलगा लढाईत गेला आणि खिडकीतला निळा तारा पिवळा झाला, तेव्हा उलट बोलायचं कसं?

बाबांनी आईला आपल्या खिडकीसाठी निळा तारा शिवायला लावला. आई म्हणाली, "अहो, तो फौजेतल्या पोरांच्या घरी लावतात." बाबा म्हणाले, "माझा पोरगा फौजीच्याही वर आहे." तुझ्या पत्रातला सिनेमा त्यांना खराच वाटतो. म्हणतात, पोरगा आडून आडून सांगतोय. तो किरण तूच राखतोस म्हणे!

मंगळवारी एक ब्रश विकणारा आला. बाबांनी त्याला मक्याची भाकर आणि ताक दिलं आणि किरणाचं सगळं सांगितलं. मी टेबलाखालून पाय मारून थकले. त्याने ब्रश एकही दाखवला नाही.

विसरू नकोस.
ओपल

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मला आत बोलावलं. साहेबाने विचारलं, "जहाजं वितळतात हे तुझ्या बापाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, सिनेमा साहेब, शनिवारचा. तो हसला. त्यानेही पाहिला होता. म्हणाला, "पोरा, माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण तोंडं उघडणारं घर आम्हाला चालत नाही." बिल्ला काढून घेतला. काम गेलं, त्याबरोबर सवलतही गेली. आता फौजेच्या छावणीतून लिहितोय. पुढे बोटीने नेणार.

बाबांना खरं सांगू नकोस. सांग, मला निवडून घेतलं. तारा राहू दे खिडकीत, आता कुणाच्या बापाला बोलता येणार नाही.

तुमचाच,
हार्लन

२५ जून

चि. हार्लन,
अनेक आशीर्वाद. निवडून घेतलं असं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "तो ब्रशवाला परत आला का गं?"

न्हाव्याकडे टॅकेटकाकांनी उठून टोपी काढली, खुर्ची दिली. बाबा दाढी न करताच परत आले. आता ताऱ्याकडे पाठ करून बसतात. काढायला गेले होते, पण हात लावताच म्हणाले, "काढला तर त्याला काही होईल."

आईने शिवणाच्या डब्यातला पिवळा दोरा शोधून शोधून चुलीत घातला. टोकंसुद्धा ठेवली नाहीत.

काही सांगता येत नसेल तर कोरा कागद पाठव. पाकिटावर तुझं वेडंवाकडं अक्षर असलं की पुरे.
ओपल