बंधाऱ्यावरचा पिंपळ

खालची वस्ती, चाकण
दि. २१ ऑगस्ट २०२५

प्रिय आम्रपाली,

तुला आणि धम्मरत्न भाऊजींना जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत. वर्षावास चालू आहे, संध्याकाळी विहारात वंदनेला जाते. हे रविवारी मारुंजीला येतील, त्यांच्या हाती पत्र देतेय. फोन केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि मग भाऊजीच बोलत बसतात. कागद जुन्या वहीतला आहे, हसू नकोस. कोरी पानं वाया कशाला घालवायची?

तलाव भरलाय. वस्तीच्या विहिरीत वाकलं की पाणी हाताला लागतं. सासूबाईंच्या नावानं तू बंधाऱ्यावर लावलेला पिंपळ माझ्या डोक्याच्या वर गेलाय. येणारा-जाणारा तुझ्या नावाची पाटी वाचतो. "धाकटीनं सासूसाठी केवढं केलं!" म्हणतो. मी ऐकते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ती चार वर्षं कुठल्या पाटीवर नाहीत. असू दे.

शनिवारी इंजिनिअर साहेब आले होते. बंधाऱ्याच्या मागच्या अंगाला, बरोबर पिंपळाखाली, ओल दिसली. साहेब म्हणाले, झाड काढावं लागेल. वस्तीतले भैरूकाका हसले, "सायेब, पाझर तलाव हाय. पाझरणार न्हाई तर काय करणार?"

"काका, तळातून पाझरू द्या, विहिरींसाठी. भिंतीतून नको. सगळी मातीच आहे ही. मुळं आत वाट करतात. उद्या झाड मोठं होऊन वाऱ्यानं पडलं, तर भिंतीचा लचका घेऊन पडेल."

येत्या सोमवारी त्यांची माणसं येणार. तलावाचं पाणी थोडं उतरवून, झाड मुळासकट काढून, माती ठोकून भरणार. तोवर ओलीचं पाणी रोज बघायला सांगितलंय. नितळ आहे तोवर ठीक. गढूळ आलं की भिंतीची माती सुटली, लगेच घरं सोडायची.

पण वस्ती अडून बसली. बोधिवृक्ष आहे, आम्रपालीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी म्हटलं, खाली लेकराबाळांची घरं आहेत, विचारायचं काय त्यात? तर शेजारची भाग्यश्री सगळ्यांदेखत म्हणाली, "कस्तुरावहिनी, तुम्हाला ते झाड पहिल्या दिवसापासून खुपतंय." बाया हसल्या. मी घरी आले.

खोटं नाही बोलली ती. साहेब 'काढा' म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आम्रपाली. गेल्या रविवारी सकाळी काचेच्या ग्लासात ओलीचं पाणी धरलं, तेव्हा ते गढूळ निघावं असं मनात आलं. माझंच घर खाली, घरात पोरं झोपलेली, आणि मी ग्लास उजेडाला धरून गाळ शोधत होते. पाणी नितळ होतं. त्या संध्याकाळी वंदनेला गेले, पण विहाराच्या दारातूनच परत फिरले.

तेव्हापासून रोज बघते. आजही नितळ आहे. आता ग्लास उजेडाला धरते ते नितळच निघावं म्हणून.

तू सोमवारी सकाळी ये. आपल्या तोंडानं 'काढा' म्हण, तुझं कुणी मोडणार नाही. मी म्हटलं तर जळून म्हटलं म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं खोडायला मला तोंड नाही. विहाराच्या मागं मोकळ्यावर, भिंतींपासून लांब, मी खड्डा खणून ठेवलाय. तिथं लावू. रोज पाणी मी घालीन, विहारात जातेच.

पाटीवर माझं नाव घाल असं मी म्हणणार नाही. पण तू विचारतेस का, याची वाट बघेन.

सासूबाईंची थोरली,
कस्तुरा