नातेपुत्याची कडबा कुट्टी

मी, त्रिंबक गोविंद सरवदे, वय वर्षे ७६, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदयाचं जे सांगायचं ते डॉक्टरांनी सांगून टाकलं आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. कुणी दबाव आणलेला नाही. दबाव आणावा एवढं माझ्याकडे काही नाही.

१. राहते घर मुलगा रत्नदीप व मुलगी दीक्षा यांना निम्मे-निम्मे. परंतु माझी धाकटी बहीण चांगुणा, वय ७३, अविवाहित, हिला हयात असेपर्यंत मधल्या खोलीत राहण्याचा हक्क राहील. माझी कालकथित पत्नी शिवबाई हिने तिला कधी जड मानलं नाही, मुलांनीही मानू नये. बँकेतली ठेव चांगुणाची.

२. हत्यारांची पेटी रत्नदीपला. जावई सुमित यांनी नेलेला मोठा पाईप पाना त्यांनाच दिला असे समजावे. तो परत येईल ही आशा मी सोडली आहे.

३. अंगणातल्या शेडमधली सतरा जुनी शेतीयंत्रे मी चाळीस वर्षांत गोळा केली. शेंगा फोडायचं यंत्र, उफणणीचा पंखा, लोखंडी नांगर वगैरे. दोन संग्रहालयांना पत्रं लिहिली. एकानेच उत्तर दिलं, जागा नाही म्हणून. माझ्यामागे ती भंगारात जातील हे मला ठाऊक आहे. रत्नदीपला बोल लावत नाही.

४. आता अठरावं यंत्र. कडबा कापायची हातकुट्टी माझ्या संग्रहात नाही. गेल्या महिन्यात नातेपुत्याच्या राजस यांनी मोबाईलवर फोटो पाठवला, आजोबांच्या गोठ्यातली कुट्टी विकायची आहे म्हणून. चाकाच्या एका आऱ्याला पट्टी मारलेली दिसली आणि मी ती ओळखली. शेजारचे चनबसप्पा यांना घेऊन पाहून आलो. सगळे भाग जागेवर, मूळची पाती. चाक नुसत्या बोटाने फिरलं. चाळीस वर्षांत इतकी पूर्ण कुट्टी मी पाहिली नव्हती.

त्या गोठ्यात आम्ही भावंडं रोजाने कडबा कापायचो. १९६६ साल. चांगुणा पेंढी आत सारायची, मी पात्यांचं चाक फिरवायचो. रीत अशी की सारणारा 'फिरव' म्हणेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. त्या दिवशी रस्त्यानं तंबूतल्या सिनेमाची जीप भोंगा लावून चालली होती. माझी मान तिकडे वळली आणि हाताने चाक फिरवलं. अडकलेलं कडब्याचं ताट काढायला चांगुणाने हात आत घातला होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मालकाने विचारलं, कोण चुकलं? माझं काम जाऊ नये म्हणून ती म्हणाली, "मीच फिरव म्हनले."

ती म्हणाली नव्हती.

आईने मरेपर्यंत तिलाच बोल लावला. बघायला तीन ठिकाणचे पाहुणे आले, चहा पिऊन गेले. पुढे कुणी आलंच नाही. मी नोकरी केली, लग्न केलं, यंत्रं जमवली आणि गप्प राहिलो. यापेक्षा वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही.

कुट्टी घ्यावी की नाही, हे मी तिलाच विचारलं. एकदा तरी तिने मला शिव्या द्याव्यात, एवढीच अपेक्षा होती. तिने भाकरी थापता थापता विचारलं, "पातं हाय का त्याला अजून?"

"हाय."

"मग घे की. न्हायतर कुणाच्या तरी पोरीचा हात जायाचा."

मला ती संग्रहासाठी हवी होती. हिच्या मनात काय आलं ते पाहा.

म्हणून घ्यायचं ठरवलं आहे. पुढच्या गुरुवारी आणू. आणल्याबरोबर चनबसप्पांनी पाती काढून स्वतःकडे ठेवावीत, मी मागितली तरी देऊ नयेत. मी तिला तेलपाणी करून उभी करीन, माझा भरवसा नाही. माझ्यामागे रत्नदीपने बाकी यंत्रांच्या आधी ही मोडावी. त्याने काही भरून निघणार नाही, हे मला कळतं.

५. चनबसप्पा म्हणाले, "आत्ताच आत जाऊन तिच्यापाशी चूक कबूल करा की." दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. आता ते माझ्याने होणार नाही.

सबब हे मृत्युपत्र दीक्षाने सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे, कलम चार वगळू नये. तिथे चांगुणा वाचन थांबवून म्हणेल, मीच फिरव म्हनले होते. तिचं ऐकू नये.

स्थळ: सोलापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) त्रिंबक गोविंद सरवदे

वरील सही आमच्यासमोर झाली. सही करताना ते शुद्धीवर होते व रडत होते.

साक्षीदार:
१. चनबसप्पा कोरे, शेजारी (सही)
२. इंद्रायणी मुकुंद कुलकर्णी, निवृत्त शिक्षिका (सही)